ग्रास कटरने कान जात नाहीत म्हणे!

पाऊस सरून बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-रान काढणं, सुरू झाली की आमच्याकडच्या बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो, यंदाही फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ग्रास कटरचा आवाज फक्त ७० डेसिबल असतो, आठवड्याभरात सवय होते, वर्षातून दोन महिन्यांच्या कामाने कुणाचे कान जात नाहीत, फारच वाटलं तर कापसाचा बोळा घाला, आणि ते कानावरचे डबडे, म्हणजे ईअरमफ, लावले तर गड्याला काही ऐकू येत नाही आणि उलट अपघात होतो. शेवटी 'हे सगळं ईअरमफ विकणाऱ्यांचं मार्केटिंग आहे, पुढे पाठवा'.

मी रत्नागिरी साईडला हीच मशीनं रिपेर करतो आणि ईअरमफही विकतो, म्हणजे मार्केटिंगवाला मीच झालो. पण खरं सांगायचं तर एका ईअरमफमागे जे सुटतं त्यापेक्षा जास्त एक कार्बोरेटर साफ करण्यात सुटतं, तेव्हा तो विषय राहू दे.

आधी ते ७० डेसिबल. हा आकडा हवेतून आलेला नाही, फक्त तो भलत्याच जागेचा आहे. पानं उडवायचे ब्लोअर असतात ना, त्यांचा ६५-७० असा जो आकडा जाहिरातीत देतात तो अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे मशीनपासून ५० फुटांवर मोजलेला असतो, आणि ५० फुटांवर शेजारी असतो, मशीन पाठीवर घेतलेला माणूस नसतो. पेट्रोलवाल्या ग्रास कटरच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक अक्षरात चालवणाऱ्याच्या कानाजवळचा आवाज दिलेला असतो, तो साधारण ९५ ते १००च्या घरात जातो, आणि चेन सॉ घेतली तर १००च्या वरच. पुस्तिका कोण वाचतो म्हणा, बहुतेकांची प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर पण येत नाही.

आता उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ९८ असेल तर दोनवर ९२, चारवर ८६, आठवर ८०, सोळावर ७४. म्हणजे पडवीत खुर्ची टाकून बसलेल्या मालकाला खरोखरच सत्तरीतलाच आवाज येतो आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो की कुठे एवढा आवाज आहे! आणि ७० नि १०० मध्ये तीसच्या फरकाने काय होतंय असं कुणाला वाटत असेल तर डेसिबलचा हिशोब आपल्या रुपया-पैशासारखा सरळ चालत नाही, दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते आणि ३० डेसिबलला हजारपट.

'सवय होते' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त डाचतो कारण गडी पण तेच सांगतात, आता काय वाटत नाय साहेब, पयल्यांदा वाटायचं. अहो पण पहिल्यांदा वाटायचं आणि आता वाटत नाही याचं एक कारण हेही असू शकतं की आता तेवढं ऐकूच येत नाहीये, त्याचा विचार करा की. आतल्या कानात, त्या शंखासारख्या भागात, एका कानाला साधारण १५-१६ हजार आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर कानात कुईऽऽ वाजतं, सगळं कापडातून ऐकल्यासारखं होतं आणि सकाळी मोकळं होतं, म्हणून वाटतं की कान बरा झाला. २००९ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं होतं की मोठ्या आवाजानंतर टेस्टमध्ये कान परत नॉर्मल आला तरी केसपेशी आणि नस यांच्यातले बरेचसे जोड कायमचे गेलेले होते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे मान्य, पण सकाळी मोकळं वाटलं म्हणजे काही झालंच नाही असं छातीठोक सांगायला जागा राहत नाही एवढं नक्की.

बरं, पहिल्यांदा जातं ते वरच्या पट्टीतलं, ४००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे माणूस बहिरा झालाय असं घरच्यांना वाटतच नाही, हाक मारली की तो ओ देतो, टेम्पोचा हॉर्न ऐकू येतो, ढोल ऐकू येतो. गडबड होते ती स, श, फ असल्या बारीक अक्षरांत. साठ सांगितले की आठ ऐकतो, बायकोचं नि लहान पोरांचं बोलणं फोनवर नीट कळत नाही, चार माणसं एकदम बोलली की नुसता मान डोलावतो. आणि मग सगळे म्हणतात लक्ष नसतं याचं, नाहीतर वय झालं. चाळिशीत कसलं वय झालं?

आता दोन महिन्यांचं काम. हे वाचताना पहिल्यांदा पटतं म्हणून नीट हिशोब करूया. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संशोधन संस्था आहे, नायॉश, तिने ८५ डेसिबलला रोज आठ तास ही हद्द धरलीय, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. (आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० धरतात, ती हद्द सैल आहे हे माझं मत.) गडी दिवसभर असला तरी पेट्रोल भरणं, नायलॉनची दोरी बदलणं, चहा-जेवण वजा जाता मशीन खरंखुरं चार तास चाललं असं धरा. ९७ ला चार तास म्हणजे एका दिवसात आठ दिवसांचा कोटा संपला. असे पन्नास दिवस काम केलं की झाला चारशे दिवसांचा. वर्षात कामाचे दिवसच तीनशेच्या आसपास असतात, म्हणजे वर्षभर आवाजाच्या कारखान्यात हद्दीवर राबणाऱ्यापेक्षा या माणसाने दोन महिन्यांत जास्त आवाज खाल्ला. आणि हा गडी उरलेले दहा महिने काय कान मिटून बसतो का, आंब्याला फवारणी आली की पॉवर स्प्रेचा पंप असतो, पावसाआधी झाडं तोडायला चेन सॉ असते. शहरात सोसायट्यांची नि पालिकेची गार्डनं सांभाळणारे ठेकेदाराचे माळी तर बारमाही हेज ट्रिमर नि लॉन मोअर चालवतात, त्यांना सीझनच नाही.

कापूस: पाच-सात डेसिबल कमी झाले तर झाले, म्हणजे १०० चे ९३. नसल्यापेक्षा बरा पण त्याने माणसाला वाटतं आपण सेफ आहोत आणि मग तो आणखी एक टाकी मारतो. दहा-वीस रुपयाला फोमचे प्लग मिळतात ते त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले, फक्त घालायची पद्धत आहे, बोटात पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट लावून धरायचं. नुसता तोंडाशी चिकटवला तर तो पण कापूसच. मातीच्या नि पेट्रोलच्या हातांनी मात्र प्लग घालू नका, शेतात हात धुवायला पाणी नसेल तर कानावरचा मफच बरा.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही पण मी रोज बघतो, पोरं मोबाईलचे इअरफोन घालून ग्रास कटर चालवतात, गाणी लावून. मशीनच्या आवाजावरून गाणं ऐकू यायला हवं म्हणजे ते किती मोठं लावलं असेल! वरून आवाज, आतून पण आवाज.

अपघाताच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, सगळंच उडवून लावणार नाही. ज्याचा कान आधीच गेलाय त्याला मफ घातल्यावर खरंच कमी समजतं. पण चांगल्या कानाच्या माणसाला ९७ च्या आवाजात मागून मारलेली हाक मफ न घालता तरी कुठे ऐकू येते? मफने मशीन नि हाक दोन्ही सारखेच खाली येतात. म्हणून तर पुस्तिकेत १५ मीटरच्या आत कुणी येऊ नये असं लिहिलेलं असतं. बोलवायचं तर समोरून, लांबून हात हलवून, आणि त्याने रेस सोडून मशीन बंद केल्यावरच जवळ जायचं. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवणं हा मूर्खपणा आहे, मफ असो नसो, तो दचकून वळतो आणि पातं आपल्या नडगीत. कमेंटमध्ये एकाने लिहिलंय की फुरसं (साप) ऐकू येणार नाही. फुरसं अंगाला अंग घासून आवाज करतं हे खरं, पण चालू ग्रास कटरमध्ये तो आवाज ज्याला ऐकू येतो त्याने मला भेटावं. फुरशासाठी गमबूट आहेत.

आता माझ्याच धंद्यातली तक्रार. रेस उचलत नाही म्हणून सायलेन्सरची जाळी काढून फेकणारे मेकॅनिक आहेत, काही तर सायलेन्सरच पोकळ करून देतात आणि गिऱ्हाईक खूश, मशीन कसं गर्जतंय बघ. जाळीत कार्बन बसतो कारण पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजपंचे जास्त ओतलेलं असतं, ती साफ करून परत बसवायची असते. बॅटरीवाली मशीनं बरीच शांत आहेत, पण डोंगरउतारावरच्या बागेत दिवसभर चार्जिंग पुरवणं सध्या तरी सगळ्यांना जमणारं नाही.

'कान गेलेच तर भरपाई मिळते' असंही कुणीतरी खाली टाकलंय. कामगार भरपाईच्या कायद्यातल्या धंद्याच्या आजारांच्या यादीत आवाजाने आलेला बहिरेपणा आहे, बरोबर. पण रोजावरच्या गड्याची ना हजेरी, ना कामाला लागतानाची कानाची टेस्ट, पाच बागायतदारांकडे काम केलेलं, मग कुणाच्या मशीनने गेले हे सिद्ध कोण करणार? अपंगत्वाचा दाखला म्हणाल तर २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत, तेही बोलण्याच्या पट्टीत, निदान ६० डेसिबलची घट लागते. वरची पट्टी गेलेला, साठला आठ ऐकणारा माणूस त्यात बसतच नाही.

मजुरी ठरवताना पेट्रोल कुणाचं, ऑइल कुणाचं, दोरी कुणाची हे आपण घासाघीस करून ठरवतो. त्यातच मफ कुणाचा हे पण ठरवा. माझ्या मते मशीन ज्याचं मफ त्याचा, आणि मफ दर गड्याला वेगळा, कारण घामाने त्याच्या गाद्या कडक होतात, चिरतात, आणि फट पडली की आवाज आत येतोच. आणि घातला की मशीन बंद होईपर्यंत काढायचा नाही. कितीही भारी मफ असला तरी निम्मा वेळ गळ्यात लटकवला तर मिळतात फक्त ३ डेसिबल.