ज्युलिएटच्या वाट्याला रोझलीन आली नाही

परवा अकरावीच्या वर्गात शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएट नाटकाचा विषय निघाला. एक मुलगा ठासून म्हणाला, "मॅडम, ते खरं प्रेम नव्हतंच, नुसतं दिसण्यावर भाळणं होतं." मुलं हसली. मुली गप्प बसल्या. त्यांचं ते गप्प बसणं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मुलाचं म्हणणं खोटं नाही. नाटक सुरू होतं तेव्हा रोमिओ रोझलीन नावाच्या मुलीसाठी झुरत असतो. दिवसाढवळ्या खिडक्या लावून अंधारात बसतो, उसासे टाकतो. कॅप्युलेटच्या, म्हणजे ज्युलिएटच्या बापाच्या, घरच्या मेजवानीलाही तो तिलाच बघायला जातो. तिथं ज्युलिएट दिसते आणि रोझलीन मनातून पुसली जाते. एका संध्याकाळीत! दुसऱ्या दिवशी धर्मगुरू लॉरेन्स त्याला सुनावतोच, की तुम्हा पोरांचं प्रेम काळजात नसतं, डोळ्यांत असतं.

पण ज्युलिएटचं काय? तिला चौदावं पुरं व्हायचंय. त्याच रात्री सज्जात उभी राहून ती स्वतःच म्हणते की हे फार घाईचं आहे, विजेसारखं आहे, चमकली म्हणेपर्यंत संपलेली. रोज आकार बदलणाऱ्या चंद्राची शपथ घेऊ नकोस, असंही बजावते. म्हणजे भूल पडलीय हे त्या दोघांत तिलाच कळतंय. तरी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रोमिओशी चोरून लग्न, आणि गुरुवारी पहाटे दोघं थडग्यात.

शेक्सपिअरनं ही गोष्ट आर्थर ब्रूकच्या १५६२ सालच्या काव्यावरून घेतली. तिथं ज्युलिएट सोळाची आहे आणि सगळं घडायला काही महिने लागतात. शेक्सपिअरनं तिचं वय तेरावर आणलं आणि महिन्यांचे चार-पाच दिवस केले. मला वाटतं, घाई हाच त्याचा विषय होता. ज्युलिएटचा बापही तिला मागणी घालणाऱ्या पॅरिस नावाच्या तरुणाला आधी म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत. मग घरात एक मयत होते आणि तोच बाप सोमवारी रात्री तिचं पॅरिसशी लग्न गुरुवारचं ठरवतो, मंगळवारी ते बुधवारवर आणतो. पोरगी नाही म्हणाली तर घराबाहेर काढीन म्हणतो.

रोमिओला एकदा चुकायची मुभा होती. रोझलीनवर भाळला, विसरला, मित्रांनी चेष्टा केली, संपलं. ज्युलिएटला तिची रोझलीन मिळालीच नाही. तिचं पहिलं भाळणं हेच शेवटचं.

हे मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहितेय. इथं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेली पोरगी सहा महिने कुणाच्या भरवशावर मागं ठेवायची, हा आईबापाचा प्रश्न खरा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यात पोरीच्या मोबाईलमध्ये एखाद्या मुलाचे मेसेज सापडले की तिचं लग्न उरकायची घाई होते, कायद्यातलं अठरा वर्षांचं वय कुणाला आठवत नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच दिवाळीनंतर आली नाही. हुशार होती, कविता पाठ म्हणायची. बाप मला स्वतः म्हणाला होता, "मॅडम, बारावी होऊ द्या, मग बघू." मेसेज सापडले आणि आठ दिवसांत तिचं लग्न झालं, दुसऱ्याच मुलाशी. मला कळलं तेव्हा हळद उतरली होती. आधी कळतं तर १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला असता, बापाच्या पाया पडले असते. कदाचित ते मेसेज तिला चार महिन्यांत कंटाळवाणे वाटले असते. कदाचित नसतेही. तिला ते कळायला वेळ हवा होता, बस्स.

मेसेज पाठवणारा तो मुलगा यंदा बारावीला आहे. त्याला आता दुसरी कुणी आवडते, मुलं त्याला तिच्या नावानं चिडवतात, तोही लाजून हसतो. त्याच्यावर माझा राग नाही, सतरा वर्षांचं लेकरू आहे. त्याचा परीक्षेचा फॉर्म या आठवड्यात मीच तपासला. ती मागच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर उसाच्या फडावर गेली.