पीअर आहे, पोर्ट आहे, पण प्रवेश नाही

खासगी ब्लॉकचेनची, म्हणजे निवडक सदस्यांनी मिळून ठेवलेल्या सामाईक नोंदवहीची, गंमत अशी, की आपण खासगी आहोत हे ती सगळ्यात आधी आपल्याच ॲपला ठणकावून सांगते.

समजा, नेटवर्क नाशिकच्या द्राक्षांचं आहे. एक सदस्य दिंडोरीकडच्या बागायतदारांची कंपनी, दुसरा पिंपळगाव बसवंतचं पॅकहाऊस, तिसरा मुंबईचा निर्यातदार. माल कोणत्या प्लॉटचा, काढणी कधीची, प्री-कूलिंगला किती वाजता गेला, रेसिड्यूचा (फवारणीच्या उरलेल्या अंशाचा) रिपोर्ट काय आला, हे सगळं हायपरलेजर फॅब्रिक या खासगी ब्लॉकचेनच्या सॉफ्टवेअरवर नोंदवायचं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा असा माग अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेची ग्रेपनेट कित्येक वर्षं ब्लॉकचेनचं नावही न घेता ठेवते आहे, आणि तीन सदस्यांसाठी एक साधा डेटाबेस पुरला असता, हे मलाही कळतं. पण ते मीटिंगमध्ये बोलायचं नसतं. मीटिंगमध्ये षटकोनांची आकृती बघून मान डोलवायची असते. शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘नेटवर्क उभं आहे, आता फक्त ॲप जोडायचं राहिलंय.’ हे वाक्य जो बोलेल त्यालाच जोडायला बसवावं, अशी माझी जुनी मागणी आहे.

कागदावर लागतं ते थोडकंच. पीअरचा, म्हणजे नोंदवहीची प्रत ठेवणाऱ्या सदस्याच्या सर्व्हरचा, पत्ता, त्याच्या टीएलएसचं (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीचं) रूट सर्टिफिकेट, आपल्या युजरचं सर्टिफिकेट आणि एमएसपी आयडी (आपल्या संस्थेचं नेटवर्कमधलं नाव), आणि त्याच युजरची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली). वर चॅनेलचं (ठरावीक सदस्यांच्या नोंदवहीचं) नाव आणि चेनकोडचं (नोंदी करणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव. फॅब्रिकच्या २.४ आवृत्तीपासून पीअरमध्येच गेटवे बसवलेला आहे, त्यामुळे ॲपनं आपल्या एका पीअरशी बोलावं, बाकीच्यांना गाठण्याचं काम पीअर बघतो. त्याआधी कनेक्शन प्रोफाइल नावाची लांबलचक जेसन किंवा यामल फाइल असे. तिच्यात सगळे पीअर, ऑर्डरर (व्यवहारांचा क्रम लावणारे सर्व्हर) आणि सर्टिफिकेट ऑथॉरिटी (सर्टिफिकेटं देणारे सर्व्हर) नावानिशी लिहायच्या, वर ओळखपत्रांचं एक वॉलेट सांभाळायचं. नेटवरचे बरेचसे धडे अजून त्याच काळात अडकलेले आहेत. म्हणून धडा उघडला की आधी बघावं: त्यात वॉलेट आणि ‘ॲज लोकलहोस्ट’ दिसलं, तर तो जुन्या एसडीकेचा, म्हणजे जोडणीच्या जुन्या लायब्ररीचा, आहे. तो आणि नवी गेटवे लायब्ररी एकाच प्रोजेक्टमध्ये कालवली, तर जी खिचडी होते ती कोणालाच पचत नाही.

पत्त्यापासून सुरुवात. पीअरचं नेहमीचं पोर्ट ७०५१. शेजारचं ७०५२ चेनकोडचं, ७०५० ऑर्डररचं, ७०५४ सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं, आणि ९४४३ वर तब्येत विचारायची सोय. नव्या ॲपला यातलं फक्त ७०५१ हवं, आणि फायरवॉलवाल्या दादांनी नेमकं तेच सोडून बाकी सगळी उघडलेली असतात. ॲप आणि पीअर बोलतात ते जीआरपीसी या पद्धतीनं. टीएलएस चालू असलेल्या पीअरला टीएलएसशिवाय, साध्या जीआरपीसीनं हाक मारली, तर ॲपकडे फक्त ‘१४ अनअव्हेलेबल’ येतं. पलीकडे पीअरच्या लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं की पहिलाच रेकॉर्ड टीएलएस हँडशेकसारखा दिसत नाही. दुखणं ॲपचं आणि निदान पीअरच्या लॉगमध्ये, हा या धंद्याचा नियम आहे. पीअर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर तो लॉग मागायला आधी मेल, मग फोन, मग ‘साहेब चहाला गेलेत’.

पुढचा छळ नावांचा. ॲप डॉकरच्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या स्वतंत्र बंद खोक्यात) चालत असेल, तर त्याच्या दृष्टीनं लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. पीअर शेजारच्या कंटेनरमध्ये मजेत बसलेला असतो आणि ॲप स्वतःच्याच दारावर टकटक करत राहतं. मग दोन्ही एकाच डॉकर नेटवर्कवर घेऊन पीअरला त्याच्या सर्व्हिसच्या नावानं हाक मारावी लागते. आता पत्ता बरोबर येतो, तर टीएलएस अडतं. कारण ज्या नावानं आपण हाक मारतो ते नाव सर्टिफिकेटमधल्या सॅन यादीत, म्हणजे ते ज्या नावांना लागू आहे त्या यादीत, असायला हवं. पूर्वी नुसत्या कॉमन नेमवर भागायचं. गो भाषेच्या १.१५ आवृत्तीपासून ते लाड बंद झाले, आणि फॅब्रिक गोमध्येच लिहिलेलं आहे. सर्टिफिकेटमध्ये ‘पीअर०.पॅकहाऊस’ आणि आपण जोडतोय थेट आयपी ॲड्रेसला, की नकार ठरलेला.

यावर तात्पुरती मलमपट्टी म्हणजे जीआरपीसीचा ‘एसएसएल टार्गेट नेम ओव्हरराइड’. त्यात सर्टिफिकेटवरचं नाव लिहिलं की ॲप पत्ता एक वापरतं आणि पडताळणी दुसऱ्या नावानं करतं. चाचणीला ठीक. कायमचा इलाज म्हणजे पीअरचं टीएलएस सर्टिफिकेट काढतानाच होस्टच्या यादीत लागणारी सगळी नावं घालणं. पण ते सर्टिफिकेट काढून माणूस मोकळा झालेला असतो, आणि पुन्हा काढा म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सॅनमध्ये काय आहे ते तर्कानं ओळखत बसू नये. ओपनएसएसएल या साधनाच्या ‘एस क्लायंट’ कमांडनं पीअरच्या पोर्टला जोडून सर्टिफिकेट बाहेर काढावं आणि डोळ्यांनी वाचावं. दोन मिनिटांचं काम आहे. ते सगळे संध्याकाळी सात वाजता करतात, सकाळी दहाला कोणी करत नाही.

रूट सर्टिफिकेटची गोष्ट आणखी नाजूक. फॅब्रिकमध्ये साधारणपणे दोन ऑथॉरिटी असतात. एक ओळखपत्रं देणारी, एक टीएलएसची. त्यांची रूट सर्टिफिकेटं ‘सीए सर्ट्स’ आणि ‘टीएलएस सीए सर्ट्स’ अशा शेजारशेजारच्या फोल्डरांत नांदतात, दोन्ही पेम, म्हणजे सर्टिफिकेट मजकुरासारखं ठेवणाऱ्या, फाइली, दोन्हींची सुरुवात ‘बिगिन सर्टिफिकेट’ अशीच. जोडणीला टीएलएसची हवी. घाईत पहिली उचलली जाते, कारण ती वर्णानुक्रमे आधी येते. आणि ही पेम जर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा जेसनमध्ये कोंबली, तर ओळी तुटण्याच्या खुणा गायब होऊन सगळा मजकूर एका सरळ रेषेत येतो. दिसायला तो तस्साच दिसतो, लायब्ररीला मात्र त्यातलं अक्षर लागत नाही. शक्य असेल तिथे पेम फाइल म्हणूनच ठेवावी आणि कॉन्फिगमध्ये तिचा मार्ग द्यावा.

हे सगळं जुळलं की दार किलकिलं होतं आणि आतून आवाज येतो, ‘ॲक्सेस डिनाइड’. माझ्या मते इथून पुढे खरी करमणूक. हा नकार मुद्दाम मोघम ठेवलेला आहे, म्हणजे बाहेरच्या माणसाला आतलं काही कळू नये. पण मोघमपणाच्याही दोन जाती आहेत, आणि त्या ओळखता आल्या तर बरीच शोधाशोध वाचते. चॅनेलच्या नावापुढे ‘क्रिएटर ऑर्ग अननोन, क्रिएटर इज मालफॉर्म्ड’ असं आलं, तर पीअरला आपण कोणाचे हेच कळलेलं नाही. बहुतेक एमएसपी आयडी चुकलाय. त्यात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालत नाही, आणि ‘एमएसपी’ ही तीन अक्षरं नावाला जोडून आहेत की नाहीत हे ज्यानं नेटवर्क उभं केलं त्याच्या त्या दिवसाच्या मूडवर अवलंबून असतं. उलट कंसात संस्थेचं नाव छापून नकार आला, तर घराणं ओळखलंय, माणूस पसंत नाही. म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपली असेल, ते भलत्याच ऑथॉरिटीचं असेल, किंवा सही जुळत नसेल.

सही न जुळण्याचं एक कारण इतकं साधं आहे की ते सुचतच नाही. युजर एनरोल केला, म्हणजे ऑथॉरिटीकडून त्याचं सर्टिफिकेट काढलं, की प्रायव्हेट की ‘कीस्टोअर’ फोल्डरात पडते. तिचं नाव म्हणजे हेक्सची लांबच लांब माळ, शेवटी ‘एसके’. पुन्हा एनरोल केलं की सर्टिफिकेट नव्यानं लिहिलं जातं, पण जुनी की तिथेच राहते आणि शेजारी नवी येऊन बसते. नमुन्याच्या कोडमध्ये ‘फोल्डरातली पहिली फाइल घे’ असं लिहिलेलं असतं. आता दोनांत पहिली कोणती हे हेक्सच्या वर्णानुक्रमावर. निम्म्या वेळा चालतं, आणि चाललं की आपण काहीतरी दुरुस्त केलं अशी समजूत होते, जी अजून वाईट. सर्टिफिकेटमधली पब्लिक की आणि या कीपासून निघणारी पब्लिक की ओपनएसएसएलनं काढून ताडून बघावी, जुळत नाही ती तिथून हलवावी.

आत शिरलो. वाचायची क्वेरी चालते, पेढे वाटावेत असा क्षण. मग पहिली नोंद लिहायला जावं, तर पीअर म्हणतो, एन्डॉर्समेंट पॉलिसी पुरी होईल अशी पीअरांची जुळणीच सापडत नाही. याचं कारण ॲपमध्ये शोधत बसू नये. वाचायला आपला एक पीअर पुरतो. लिहायला पॉलिसीत पॅकहाऊस आणि निर्यातदार दोघं असतील, तर लग्नाच्या बोलणीसारखं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा होकार लागतो, आणि इथे दुसऱ्या बाजूचे वडीलधारे आपल्याला दिसतच नाहीत. दिसायचे तर त्यांच्या पीअरवर गॉसिपचा (पीअरांच्या आपसातल्या बोलण्याचा) एक्स्टर्नल एंडपॉइंट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा पत्ता, लिहिलेला हवा आणि चॅनेलच्या कॉन्फिगमध्ये अँकर पीअर, म्हणजे इतर संस्थांनी आधी गाठायचा पीअर, नोंदवलेला हवा. दोन्ही कामं पलीकडच्या अ‍ॅडमिनची. आपण फक्त विनवणी करू शकतो.

शेडमधल्या टॅबवर नेट मोबाइलचं. तिथे कनेक्शन थोडा वेळ गप्प राहिलं की मधलं राउटर ते गुपचूप टाकून देतं, म्हणून हुशार माणूस दर दहा सेकंदांनी कीप-अलाइव्ह पिंग (कनेक्शन जागं ठेवणारी हाक) लावतो. पीअर मूळ सेटिंगनुसार ६० सेकंदांपेक्षा कमी अंतरानं आलेल्या पिंग खपवून घेत नाही. तो कनेक्शन तोडतो आणि जाताना ‘जरा शांतपणे घ्या’ अशा अर्थाचा कोड पाठवतो. तंत्रज्ञानातला हा एकमेव नकार मला मनापासून पटतो. पिंग दोन मिनिटांनी ठेवावी, आणि प्रत्येक नोंदीला नवं कनेक्शन न उघडता एकच जपून वापरावं.

वेळेच्या मर्यादाही विचार करून द्याव्या लागतात. नमुन्याच्या कोडमध्ये क्वेरीला ५ सेकंद, एन्डॉर्समेंटला १५, सबमिटला ५ आणि कमिटची, म्हणजे नोंद पक्की होण्याची, वाट बघायला १ मिनिट असतं. सबमिट झालं म्हणजे नोंद झाली असं नाही, हे पॅकहाऊसच्या सुपरवायझरना समजावणं जड जातं. ‘सर, हिरवी टिक आली ना? मग गाडी सोडू?’ एकाच लॉटवर दोघांनी एकदम बोट ठेवलं, तर दोन्ही व्यवहार ब्लॉकमध्ये जातात, पण दुसरा ‘एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट’ (त्यानं वाचलेली नोंद मध्येच बदलली) म्हणून बाद ठरतो. बाद झालेलाही साखळीत कायमचा राहतो, फक्त हिशेबात धरला जात नाही. तेव्हा टिक दाखवायची ती कमिटचा स्टेटस बघून, आणि कॉन्फ्लिक्ट आला तर तोच व्यवहार पुन्हा न पाठवता पहिल्यापासून नवा करून.

राहता राहिली मुदत. फॅब्रिकच्या ऑथॉरिटीनं दिलेलं युजरचं सर्टिफिकेट मूळ सेटिंगमध्ये ८७६० तास चालतं, म्हणजे बरोबर एक वर्ष. आणि आपल्याकडे अशी ॲपं सुरू होतात कधी? जानेवारीत, द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर. मग पुढच्या जानेवारीत, पहिला कंटेनर भरायला लागला की सगळे टॅब एका सुरात ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतात. मुदत संपण्याआधी री-एनरोल केलं तर जुन्या ओळखीवर नवं सर्टिफिकेट मिळतं, म्हणून ते काम पावसाळ्यात, छाटणीच्या आधी उरकावं. पीअरच्या टीएलएस सर्टिफिकेटची तारीख वेगळी असते, तीही त्याच वहीत लिहावी. ते नवीन करणं पलीकडच्या अ‍ॅडमिनच्या हातात असतं, आणि जानेवारीत तो हमखास रजेवर असतो, रजिस्ट्रारचा, म्हणजे ऑथॉरिटीवर नवी नावं नोंदवणाऱ्या खात्याचा, पासवर्ड खिशात घेऊन.