‘पूल हलतोय, म्हणजे गेला’: दर पावसाळ्यात फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा गाभा असा: ‘पोर्तुगीजांचा दगडी पूल चारशे वर्षं उभा आहे, आपले काँक्रीटचे पूल चाळीसही काढत नाहीत. पुलावर गाडी थांबवून बघा, हलत असेल तर पूल गेला समजा. भेगा नसतील तर ठणठणीत. लोड टेस्ट झाली की दहा वर्षं बघायला नको. बाकी तपासणी म्हणजे हातोडी मारून बिलं काढणं. त्यापेक्षा वर नवं डांबर घाला.’

यामागची काळजी खरी आहे. ५ जुलै १९८६ रोजी ऐन पावसात मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेती वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली, हे गोवा विसरलेला नाही. पण हा संदेश लोकांना नेमकं नको तिथे बघायला लावतो. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊ.

‘दगडी पूल चारशे वर्षं, काँक्रीटचा चाळीसही नाही.’ पणजी ते रायबंदर हा बांध १६३३-३४ मधला, जांभ्या दगडाच्या कमानींचा. कमानीत प्रत्येक दगड दाबाखाली असतो आणि दाब सोसणं हा दगडाचा गुणच आहे. त्यात लोखंड नाही, त्यामुळे गंजण्यासारखं काही नाही. काँक्रीटच्या गर्डरला (खांबांवर आडव्या ठेवलेल्या तुळईला) मात्र तळाशी ताण येतो, तो सळया किंवा केबली घेतात. काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे पोलादावर एक संरक्षक थर टिकून असतो. मीठ आत झिरपून सळईपर्यंत पोचलं की हा थर तुटतो. गंज मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, फोडून बाहेर पडतो. मांडवी आणि झुआरी या खाड्याच. पाऊस सरला की भरतीचं खारं पाणी आतवर चढतं. खांबाचा जो पट्टा भरतीला भिजतो आणि ओहोटीला वाळतो, तिथे मीठ सर्वांत लवकर आत शिरतं. मांडवीचा तो पूल जेमतेम दीड दशक वापरात होता आणि प्रीस्ट्रेसिंग केबलींचा (काँक्रीट दाबून ठेवण्यासाठी ताणलेल्या पोलादी तारांच्या जुड्यांचा) गंज हे त्याच्या पडण्यामागचं ठळक कारण मानलं जातं. कव्हर कमी ठेवणं, केबलींच्या नळीत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) अर्धवट भरणं हे बांधकामाचे दोष आहेतच आणि त्यांची जबाबदारी ठरायलाच हवी. पण दगडी कमानीशी तुलना करून त्यातला एकही दोष सापडणार नाही.

‘हलतो म्हणजे गेला.’ ट्रक गेल्यावर पूल थरथरतो, तसा तो थरथरणारच. झुआरीच्या १९८३ च्या जुन्या पुलाची रचना तर अशी, की दोन बाजूंनी आलेले हात गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या भागाच्या) मध्यावर बिजागरीने जोडलेले. तिथे उभ्या गाडीत बसल्यावर हेलकावा जास्तच जाणवतो. त्या पुलावर जड वाहनांना बंदी आली आणि ती बोरीमार्गे वळवावी लागली, ती पूल हलतो म्हणून नव्हे, त्याची ताकद कमी झाली म्हणून. लक्ष द्यायचं ते बदलाकडे: कठड्याची रेघ मध्येच खाली वाकलेली दिसणं, जॉइंटवर (दोन गाळ्यांमधल्या फटीवर) काल नसलेली पायरी जाणवणं, चाक गेल्यावर खालून ‘धाड’ असा नवा आवाज येणं.

‘भेगा नसतील तर ठणठणीत.’ सर्वांत घातक वाक्य हेच, म्हणून इथे थोडं थांबू.

भेग आहे की नाही यापेक्षा ती कुठे आणि कोणत्या दिशेने आहे ते वाचावं लागतं. गर्डरच्या तळाला लांबीच्या दिशेने, सळईच्या रेषेतच गेलेली आणि तपकिरी ओघळ सोडणारी भेग गंजाची. आधाराजवळ साधारण ४५ अंशांत चढणारी भेग कातरबलाची, म्हणजे गर्डरला कापू पाहणाऱ्या जोराची. ती दिसली की त्याच दिवशी वरपर्यंत कळवायचं. साध्या आरसीसी (फक्त सळया घातलेल्या) गर्डरच्या मध्यावर तळाशी बारीक उभ्या भेगा असू शकतात, त्या ०.२ मिमीच्या आत असतील तर टोकाला खूण करून, तारीख घालून पुढच्या फेरीत पुन्हा मोजायच्या. पण प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये तीच उभी भेग धोक्याची. तो गर्डर केबलींनी दाबून ठेवलेला असतो. तिथे भेग उघडली, तर केबलींचा दाब कमी झाला असावा किंवा भार झेपेनासा झाला असावा असं धरूनच पुढे जायचं.

आणि भेग एकही नसताना आतली केबल खंगत असू शकते. ग्राउट भरताना त्यातलं पाणी वर येतं आणि नळीच्या उंच जागी, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, पोकळी राहते. गळक्या जॉइंटमधून खारट पाणी अँकरेजच्या (केबलीचं टोक घट्ट धरलेल्या जागेच्या) वाटेने आत शिरतं आणि तारा एकेक करून तुटत जातात. बाहेर काहीच दिसत नाही. हाफ-सेल चाचणीत (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेतात ती) साध्या सळयांसाठी उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन गेलं तर गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. पण धातूच्या नळीतली केबल या चाचणीला दिसतच नाही. पाण्याखालच्या काँक्रीटमध्ये तर प्राणवायूअभावी गंज नसतानाही वाचन खूप खाली जातं. केबलीसाठी उंच जागी काळजीपूर्वक छोटं भोक पाडून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालावा लागतो. आत कडक करडं ग्राउट दिसलं तर बरं. पांढरा लगदा, पाणी किंवा पोकळी दिसली तर त्या केबलीची पूर्ण लांबी तपासायला घ्यायची.

‘लोड टेस्ट झाली की निश्चिंत.’ या चाचणीत ठरलेला भार २४ तास ठेवून वाक मोजतात. भार काढल्यावर २४ तासांत आरसीसीचा किमान ७५ आणि प्रीस्ट्रेस्डचा ८५ टक्के वाक भरून यावा लागतो. यातून त्या गाळ्याचा त्या दिवशीचा ताठपणा कळतो, एवढंच. चार-सहा तारा तुटल्या तरी ताठपणा फारसा बदलत नाही. पायाखालची रेती वाहून गेली किंवा उपसली गेली आहे का, बार्जच्या धक्क्याने खांबाला इजा झाली आहे का, हे तर त्यात येतच नाही. त्यासाठी पावसाळ्यानंतर नदीतळाची खोली मोजून आधीच्या नोंदींशी ताडायची आणि पाणबुडे उतरवून, कालवांचा थर खरवडून काँक्रीट हाताने बघायचं.

‘हातोडी मारून बिलं.’ हातोडी स्वस्त आहे आणि उपयोगी आहे. घट्ट काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं भद्द वाजतं. तेवढा भाग खडूने आखून त्याचं क्षेत्रफळ नोंदवतात. पण रस्त्यावरून दुर्बिणीने बघणं म्हणजे तपासणी नव्हे. गर्डरचं टोक, बेअरिंग (गर्डरखालची उशी) आणि पिअर कॅप (खांबाचा माथा) या तिन्हींवर जॉइंटचं पाणी गळतं, आणि तिथे हात पोचेल इतकं जवळ जावं लागतं. पुलाखाली हात वळवणारं तपासणी वाहन त्याचसाठी. निओप्रीनचं (एक प्रकारच्या रबराचं) बेअरिंग फुगलं, चिरलं किंवा एका बाजूला सरकलं असेल तर गर्डर जॅकने उचलून ते बदलता येतं.

‘नवं डांबर घाला.’ जुना थर न खरवडता घातलेलं डांबर पुलाला मारकच. ३० मीटर लांब, ७.५ मीटर रुंद गाळ्यावर ५० मिमीचा एक थर म्हणजे सुमारे २६ टन कायमचं ओझं. शिवाय त्याने जॉइंट बुजतो. तापमानात २० अंशांचा फरक पडला की एवढा गाळा सुमारे ७ मिमी सरकू पाहतो. जागा न मिळाल्यास तो ताण काँक्रीटवर येतो. पावसाचं पाणी काढणारे पाइपही त्याखाली गाडले जातात आणि पाणी गर्डरच्या अंगावरून उतरतं. हे पाइप मे महिन्यात साफ करणं, त्यांची तोंडं गर्डरच्या तळाच्याही खाली येतील इतकी लांब ठेवणं, जॉइंटमधली माती काढणं: या तीन कामांना फार पैसे लागत नाहीत.

पुलाखाली होडीतून जाताना कुणाला गंजाचा ओघळ, उघडी सळई किंवा पडलेला पोपडा दिसला, तर फोटोबरोबर चार गोष्टी लिहून बांधकाम खात्याला द्याव्यात: पणजीच्या बाजूने की पलीकडून कितवा गाळा, समुद्राकडची बाजू की वरच्या अंगाची, तारीख, आणि भरती होती की ओहोटी. एवढं असलं की अभियंत्याला ती जागा नेमकी सापडते.