सांगाड्यांचा शाप म्हणे!

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय, दर अमावस्येला येतो बहुतेक. की 'पोल्टरगाइस्ट' ह्या १९८२ च्या हॉलिवूड सिनेमात स्विमिंग पूलच्या सीनला खरे सांगाडे वापरले, त्या आत्म्यांचा शाप लागला, सहा वर्षांत तिन्ही भागांतले मिळून चार कलाकार गेले, आणि त्यातल्या दोघी तर एकाच दफनभूमीत! खाली मावशीचं 'बापरे' आणि हात जोडलेले तीन इमोजी.

चौघं गेले हे खरंय. सांगाडे खरे होते हेही खरंय. पण कशानं गेले ते फॉरवर्डमध्ये एका ओळीत पण नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

पहिली डॉमिनिक डन, सिनेमातली मोठी बहीण, वय २२. तिला कुठल्या आत्म्यानं नाही नेलं, ३० ऑक्टोबर १९८२ ला तिच्याच घराच्या दारात तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडनं गळा दाबला, पाच दिवस कोमात होती मग गेली. आणि हे अचानक पण नाही झालं, आधी दोनदा मारहाण झालेली, त्याच सुमारास एका पोलिसांवरच्या टीव्ही सिरियलमध्ये तिनं मार खाल्लेल्या मुलीचा रोल केला तेव्हा अंगावरचे काही वळ मेकअपचे नव्हतेच, खरेच होते. कोर्टात तो खून धरला गेला नाही, सदोष मनुष्यवध धरला, शिक्षा साडेसहा वर्षं आणि साडेतीनेक वर्षांत गडी बाहेर. तिच्या आईनं नंतर खून झालेल्यांच्या कुटुंबांसाठी संघटना काढली. आता सांगा, ह्याला 'शाप' म्हटलं की सुटलं कोण? मला ह्या फॉरवर्डचा खरा राग ह्याच्यासाठीच आहे.

दुसरी हेदर ओ'रूर्क, ती सोनेरी केसांची छोटी. फेब्रुवारी १९८८, वय १२. आतड्याचा एक भाग जन्मापासूनच अरुंद होता, डॉक्टरांनी क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) समजून त्याचे उपचार केले, शेवटी आतडं तुंबलं, इन्फेक्शन अंगभर पसरलं आणि हृदय बंद पडलं. घरच्यांनी चुकीच्या निदानाबद्दल दावा लावला होता. आत्म्यावर नाही, दवाखान्यावर.

तिसरा ज्युलियन बेक, दुसऱ्या भागातला तो भीतीदायक म्हातारा धर्मोपदेशक. त्याचा पोटाचा कॅन्सर १९८३ मध्येच निघालेला, म्हणजे त्या भागाच्या शूटिंगच्या आधी. शाप ॲडव्हान्समध्ये लागतो का? चौथा विल सॅम्पसन, त्याच भागातला मांत्रिक, १९८७ ला गेला, हृदय आणि फुप्फुसं बदलायच्या मोठ्या ऑपरेशननंतर.

एकाच दफनभूमीत, हो. लॉस एंजेलिसमधली वेस्टवूडची. मॅरिलिन मन्रो पण तिथंच आहे, १९६२ पासून, आणि सिनेमातली अजून ढीगभर माणसं. मुंबईतले दोन नट एकाच स्मशानात गेले तर आपण दचकतो का?

आणि जे नीट जगले ते कोण मोजणार? भुतं हाकलणारी बुटकी बाई झालेली झेल्डा रुबिनस्टीन ७६ व्या वर्षी गेली, बीट्रिस स्ट्रेट ८६ व्या. जोबेथ विल्यम्स, जी त्या चिखलाच्या पाण्यात सांगाड्यांच्या मधोमध प्रत्यक्ष ओरडत होती, ती पुढं कितीतरी वर्षं काम करत राहिली. आणि कथा ज्याची, निर्माता जो, त्या स्पीलबर्गचा 'ई.टी.' बरोब्बर एका आठवड्यानं लागला आणि त्यानं काय धंदा केला ते सांगायला नको.

राहिले सांगाडे. ते काही कबरी उकरून आणले नव्हते, मेडिकलला हाडं पुरवणाऱ्यांकडून घेतलेले, तेव्हा नकली बनवण्यापेक्षा खरे स्वस्त पडायचे. आणि गंमत म्हणजे त्या काळात जगभर हा माल सगळ्यात जास्त जायचा तो आपल्या भारतातून, मुख्यतः कलकत्त्याहून, १९८५ मध्ये सरकारनं निर्यात बंद केली तोवर. आपल्याकडं मेडिकलची पोरं तर फर्स्ट इयरला अभ्यासासाठी खऱ्या हाडांचा बोन सेट घेऊनच राहायची. माझी आतेबहीण हॉस्टेलवर कॉटखालच्या ट्रंकेत कपड्यांशेजारी ठेवायची, परीक्षेच्या रात्री फीमर (मांडीचं हाड) हातात धरून पाठ करता करता तशीच झोपायची, आणि पास झाल्यावर तोच सेट ज्युनिअरला निम्म्या किमतीत विकला. आता तालुक्याला बाळंतपणं करते. मावशीच्या नातवाचं पण तिनंच केलंय.