दादर मतदारसंघ कुठे गेला? आधी भागाकार करा

दर निवडणुकीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मजकूर उगवतो. यंदा तो सख्ख्या काकांकडून आला, तोही पन्नास जणांना एकदम, म्हणून आता गप्प बसवत नाही. मजकुराचं म्हणणं असं: २००८ साली राज्यातल्या काँग्रेस सरकारने मनोहर जोशींचा दादर विधानसभा मतदारसंघ एका रात्रीत नकाशावरून पुसला. कुणाला विचारलं नाही, सुनावणी झाली नाही. मुंबई शहरातल्या मराठी माणसाच्या सात जागा काढून उपनगरातल्या परप्रांतीयांना दिल्या. कोर्टाची दारंही बंद करून टाकली. आणि शेवटी, दादर परत हवा असेल तर सोबतच्या लिंकवर मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि मोबाइल नंबर भरा.

आधी 'राज्य सरकारने केलं' हे. मतदारसंघांच्या हद्दी मंत्रालयात ठरत नाहीत. परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणं. त्याचा कायदा २००२ चा, म्हणजे केंद्रात वाजपेयी सरकार होतं आणि शिवसेना त्यात सामील होती तेव्हाचा. त्याच वर्षी जुलैमध्ये आयोग नेमला गेला. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग, सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचा एक आयुक्त आणि त्या त्या राज्याचा निवडणूक आयुक्त. महाराष्ट्रातून दहा सहयोगी सदस्य: पाच खासदार लोकसभेच्या अध्यक्षांनी नेमायचे, पाच आमदार विधानसभेच्या अध्यक्षांनी. मे २००२ ते २००४ लोकसभेच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत कोण होतं? मनोहर जोशीच. मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा असावं आणि सोयीचं नसावं.

'एका रात्रीत' हा शब्द फक्त शेवटच्या तारखेमुळे आला असणार. राष्ट्रपतींचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ चा आहे. त्यामागे साडेपाच वर्षांचं काम होतं. सुरुवात १९९१ च्या जनगणनेवर झाली होती, पण २००३ मध्ये ८७ वी घटनादुरुस्ती झाली आणि २००१ चे आकडे घेऊन सगळं नव्याने मांडावं लागलं. सुनावणीचं म्हणाल, तर कायद्याच्या कलम ९ मध्ये क्रम स्पष्ट आहे: मसुदा राजपत्रात छापायचा, हरकतींसाठी तारीख द्यायची, जाहीर बैठका घ्यायच्या, मग अंतिम आदेश. सहयोगी सदस्यांना मात्र मतदानाचा अधिकार नसतो, आणि सामान्य मतदार राजपत्र वाचत नाही. ही तक्रार रास्त आहे. पण 'विचारलंच नाही' असं नव्हे.

आता तो सात जागांचा मुद्दा. सगळं विष तिथेच आहे, म्हणून जरा कागद-पेन घेऊन बसा.

राज्यघटनेच्या कलम १७० प्रमाणे, शक्य तितपत, राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात लोकसंख्या सारखी हवी. लोकसंख्या, मतदार नव्हे. म्हणजे पाळण्यातलं मूलही मोजलं जातं. मातृभाषेचा रकाना या हिशेबात कुठेच येत नाही. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. जागा २८८, कारण लोकसभेच्या ४८ जागांच्या प्रत्येकी सहा. भागाकार केला की एका जागेला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं येतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१. भागा: ९.९२. मिळाल्या १० जागा. उपनगर जिल्हा ८६,४०,४१९. भागा: २५.६९. मिळाल्या २६. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१,३१,८४९. भागा: २४.१७. मिळाल्या २४. यात कट कुठे शिरतो, ते कुणीतरी दाखवून द्यावं.

मग आधी शहराला १७ जागा का होत्या? कारण ते वाटप १९७१ च्या जनगणनेवरचं होतं. तेव्हा राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर, म्हणजे जागेमागे पावणेदोन लाख. शहरात सुमारे ३०.७ लाख लोक आणि उपनगरात २९ लाख. हिशेब साडेसतरा आणि साडेसोळाचा, वाट्याला आल्या सतरा-सतरा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे वाटप गोठवलं, आणि ते २००४ च्या निवडणुकीपर्यंत तसंच राहिलं. तीस वर्षांत शहर जवळजवळ होतं तिथेच थांबलं, उपनगर तिप्पट झालं. २००१ च्या लोकसंख्येवर जुन्या जागा ठेवल्या, तर शहरात एका आमदारामागे १ लाख ९६ हजार माणसं, उपनगरात ५ लाख ८ हजार आणि ठाणे जिल्ह्यात, जिथे तेरा जागा होत्या, सव्वासहा लाख. दादरमधलं एक मत ठाण्यातल्या तीन मतांच्या बरोबरीचं होतं. अन्याय झालाच असेल, तर तो १९७६ ते २००८ या काळात आणि उपनगर-ठाणेकरांवर.

आणि ते 'परप्रांतीय' म्हणजे कोण? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. लालबाग-परळमधली कुटुंबं कुठे गेली? भांडुप, मुलुंड, बोरिवली, दहिसर, डोंबिवली, बदलापूर. काका स्वतः डोंबिवलीत राहतात. मजकुराच्या हिशेबात जागा चोरणारे तेच.

पुसली गेलेली नावंही एकदा पूर्ण वाचा: उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाउस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर, माटुंगा. दहा नावं गेली. सायन कोळीवाडा, वडाळा, भायखळा ही तीन आली. उमरखाडी आणि नागपाडाही मराठी माणसाला संपवायलाच काढले का? शिवाजी पार्कसह दादर पश्चिम आज माहीम (क्रमांक १८१) मध्ये मतदान करतं, रुळापलीकडचं दादर पूर्व वडाळ्यात (१८०). नायगावही गेला, पण नायगावचे आमदार कालिदास कोळंबकर २००९ मध्ये वडाळ्यातून निवडून आलेच.

काँग्रेसने स्वतःच्या फायद्यासाठी केलं म्हणावं, तर फायदा दिसायला हवा. २००४ मध्ये दादरमधून शिवसेनेचे म्हणून निवडून आलेले सदा सरवणकर २००९ मध्ये माहीममधून काँग्रेसचे उमेदवार होते आणि पडले. जिंकले मनसेचे नितीन सरदेसाई. २०१४ आणि २०१९ मध्ये सरवणकर पुन्हा शिवसेनेतून जिंकले, २०२४ मध्ये ठाकरे गटाचे महेश सावंत. नव्या माहीममध्ये काँग्रेस एकदाही जिंकलेली नाही.

कोर्टाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, कबूल. घटनेचं कलम ३२९ आणि परिसीमन कायद्याचं कलम १० अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देऊ देत नाही, आणि १९६६ मध्ये मेघराज कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केलं. पण हे काँग्रेसने दादरसाठी रचलेलं नव्हे, ३२९ घटनेत सुरुवातीपासून आहे. २०२४ मध्ये तर त्याच न्यायालयाने म्हटलं की आदेश उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर तपासता येईल.

दादर परत येईल का? २०११ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ३०,८५,४११ इतकी खाली आली. २८८ जागा धरून भागाकार केला तर ७.९ येतात. म्हणजे आहेत त्या दहांतल्याही दोन जातील. एकूण जागा वाढल्या तरी शहराचा वाटा वाढणार नाही, कारण माणसं तिथे वाढलेली नाहीत.

त्या लिंकबद्दल: परिसीमनावरची हरकत मसुदा राजपत्रात आल्यावर, दिलेल्या मुदतीत, थेट आयोगाकडे नोंदवायची असते. कुठला भाग कुठल्या मतदारसंघात हवा आणि का, हे त्यात लिहायचं: लोकसंख्या, रस्ते, रेल्वेमार्ग, प्रशासकीय हद्द. आज कुठल्याही अर्जात मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि मोबाइल भरून नकाशातली एक रेघही हलत नाही. काका, तुम्ही नंबर भरला नसेल तर बरं. भरला असेल तर निदान आलेला ओटीपी कुणाला सांगू नका, आणि त्या पन्नास जणांनाही तेच कळवा.