चावी काढूनही चालू राहणारी गाडी: तुमच्या तक्रारीला माझं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एकच स्टार दिलाय आणि लिहिलंय की वडिलांची जुनी कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती ८०० चावी काढल्यावरही भकभकत चालू राहते म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजमध्ये आणली. आम्ही ट्यूनिंगचे १,४५० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याहून उतरून घरी आलात, तर पुन्हा तेच. गाडी परत आणली तेव्हा पोरांनी "हेड खोलावं लागेल, ६,००० लागतील" म्हणून (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग) सांगितलं, वर "जुनी गाडी आहे, असंच असतंय" हेही ऐकवलं.

त्या दिवशी मी गावाला गेलो होतो. परत आल्यावर पोरांना विचारलं. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे.

"असंच असतंय" हे आमच्या गॅरेजमधून कुणी बोलायला नको होतं. नीट असलेली ८०० कितीही जुनी असली तरी चावी फिरवली की बंद पडते. त्याबद्दल तुमची आणि तुमच्या वडिलांची माफी मागतो.

पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो. चावी काढल्यावर प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलवर करंट येत नाही, हे मीटर लावून पाहिलं होतं. म्हणजे ठिणगी बंद होती. तरी इंजिन चालतं, कारण आत साठलेला कार्बन किंवा प्लगचं टोक तापून लाल होतं आणि पेट्रोल त्याच्यावरच पेटतं. अशा वेळी इंजिन सुरळीत चालत नाही, गचके देत, ठोकत फिरतं. तुमचंही तसंच होत होतं. आयडल, म्हणजे पाय न देता इंजिन फिरतं तो वेग, मिनिटाला १,२५० फेऱ्यांवर होता, तो ९०० वर आणला. आयडल जास्त म्हणजे थ्रॉटल (हवेची झडप) जास्त उघडं, आणि बंद करताना तेवढी हवा आणि पेट्रोल आत जातच राहतं. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावलं, प्लग साफ केले. ही कामं गरजेचीच होती. त्यामुळे बिल फसवणुकीचं होतं, हे मला मान्य नाही.

चूक झाली ती पुढे. गाडी आवारातच पाच मिनिटं चालवून, इंजिन अर्धवट गरम असताना बंद करून बघितली आणि तुमच्या ताब्यात दिली. हा दोष घाट चढून-उतरून इंजिन पूर्ण तापल्यावरच दिसतो. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळपर्यंत एक फेरी मारली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

हेड खोलायचा सल्ला मी मागे घेतो. ते काम सगळ्यात शेवटचं. तुमच्या कार्बोरेटरवर एक छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आहे. चावी बंद झाली की त्याची दांडी पुढे येऊन आयडलचं पेट्रोल अडवते. दांडी अडकली की बाकी सगळं बरोबर असूनही इंजिन पेट्रोल ओढत राहतं. तो तपासायचा राहिला. तुम्हाला घरीही बघता येईल: इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, सोलेनॉइडची वायर काढून परत लावा. प्रत्येक वेळी टिक असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर आधी तो बदलायचा. आवाज येऊनही दोष राहिला, तर गरम इंजिन आयडलवर ठेवून वायर काढायची. इंजिन बंद पडायलाच हवं. ही दुसरी तपासणी मात्र आमच्याकडेच करू, पंख्यापाशी हात घालायचं काम आहे.

प्लगचंही सांगायला हवं. गाडीत आधी कुणीतरी घातलेले प्लग लागतात त्यापेक्षा एक आकडा गरम जातीचे, म्हणजे टोक जास्त तापलेलं राहणारे आहेत. एनजीकेमध्ये आकडा कमी तेवढा प्लग गरम, बॉशमध्ये बरोबर उलटं, म्हणून ही चूक बऱ्याच ठिकाणी होते. "आत्ता बदलू नका" असं तुम्ही म्हणाला होता, बिलावर तशी नोंद आहे. पण त्याने काय होतं हे आम्ही तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. पेट्रोलकडे बोट दाखवून मी सुटू पाहणार नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल येतं, त्याने मिश्रण थोडं लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), पण ते धरून कार्बोरेटर लावणं हे आमचंच काम.

तोवर एक करा. घाट उतरून आलात की अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मगच चावी काढा. तरी भकभकली तर ब्रेक घट्ट दाबून चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा, इंजिन जागेवर थांबेल. तशीच फिरू देऊ नका, कधी कधी इंजिन उलटा झटका देतं.

सोमवार सोडून कधीही सकाळी या, वडिलांनाही घेऊन या. मी स्वतः तुमच्याबरोबर गाडीत बसून वाघबीळपर्यंत जाईन, परत येऊन तुमच्यासमोरच चावी काढू. सोलेनॉइड आणि प्लग लागले तर त्यांचेच पैसे घेईन, मजुरी नाही. एवढं करूनही बंद झाली नाही, तर प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून आतला कार्बन तुम्हाला दाखवीन. हेडचं त्यानंतर, तुम्ही हो म्हणालात तरच.