शुद्ध की वद्य?

खंबाटकी घाट उतरून चहाला थांबलो आणि परत येऊन गाडीची चावी फिरवली, तर सेल्फ नुसता कण्हतोय, इंजिन काही पेटत नाही. अर्ध्या तासाने, धक्का मारायला चार माणसं गोळा केल्यावर, एका चावीत सुरू! चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच चहा पाजला.

मग हे रोजचंच झालं. सकाळी थंड असताना गुणी बाळ. तापल्यावर बंद केली, की रुसून बसायची. तळमजल्यावरच्या काकांनी ‘बॅटरी’ सांगितली. त्यांच्या मते संसारातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ बॅटरीच. मेहुण्याने ‘पेट्रोलमध्ये पाणी’ असं निदान काढलं. आई म्हणाली, “लिंबू-मिरची वाळलीय, बदल आधी.”

गॅरेजवाल्या दादांनी स्टिअरिंगखाली १६ पिनांचा स्कॅनर खुपसला. बिघाडाचा कोड आला, पी०३४०. “कॅम सेन्सर, साहेब.”

म्हणजे काय? क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, कॅम म्हणजे झडपा उघडतो तो. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा एक होतो. पिस्टन वर आलाय हे क्रँक सेन्सर सांगतो; पण तो ठिणगी घ्यायला आलाय की धूर हाकलायला, हे त्याला कळत नाही. आज पंचमी आहे इतकंच त्याला ठाऊक. शुद्ध की वद्य, ते कॅम सेन्सरने सांगायचं. आमचं पंचांगच हरवलं होतं.

नवा सेन्सर बसला. चौथ्या दिवशी भर सिग्नलला गाडी बंद, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा चालू, कोड तोच. आता दादांनी तो नीट वाचला. त्यात ‘सर्किट’ म्हटलं होतं. सेन्सर गेला असं कुठेच नव्हतं! (हे आधी वाचायचं असतं, पण मी कोण सांगणार?) मग मल्टीमीटर निघाला. तीन वायरी. एकीत ५ व्होल्ट बरोबर, अर्थिंग बरोबर. सिग्नलची वायर कपलरपाशी, म्हणजे सेन्सरच्या जोडापाशी, हलवली, की सिग्नल गुल. टेप सोडली तर आत दातांच्या खुणा. दोन-तीन तारांवर जीव धरून होती बिचारी.

डॅशबोर्डवर गणपती आणि बॉनेटखाली त्याचं वाहन. आमच्या वाहनाचं काय, हे दोघांनीही विचारात घेतलं नव्हतं.

वायर जोडायचे दीडशे रुपये. जुना, धडधाकट सेन्सर दादांनी पिशवीत घालून दिला. “उंदराला तंबाखू चालत नाही,” म्हणून बॉनेटखाली पुडीही बांधली.

काल पाहिलं तर पुडी गायब. उंदराने नेली की दादांनी, याचा कोड स्कॅनरवर येत नाही.